पवनीचा ग्रंथ आणि संगणकातली नोंद

वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी गावात जगन्नाथ टेकडी नावाचा एक उंचवटा आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले. मातीच्या थरांखालून एका प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष बाहेर आले, आणि ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे कोरलेले कठड्याचे दगडही. या उत्खननाचा वृत्तांत शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी इंग्रजीत लिहिला आणि नागपूर विद्यापीठाने तो १९७२ मध्ये प्रसिद्ध केला.

शां. भा. देव हे नाव जैन विद्येच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणाने परिचित आहे. जैन श्रमणसंघाचा आगमग्रंथ आणि शिलालेख यांच्या आधारे इतिहास सांगणारा त्यांचा ‘हिस्टरी ऑफ जैन मोनॅकिझम’ हा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५६ मध्ये प्रकाशित केला. साधू-साध्वींच्या आचारनियमांचा आणि प्रायश्चित्तव्यवस्थेचा विचार करणारे त्यांचे ‘जैन मोनॅस्टिक ज्युरिसप्रुडन्स’ हे पुस्तक १९६० चे. श्रमणांच्या नियमावलीचा बारकाईने अभ्यास करणारा हा विद्वान पुढे भंडारा जिल्ह्यातील एका टेकडीवर स्तूपाचा पाया शोधत उभा राहिला, ही गोष्ट जिल्ह्यातल्या फारच थोड्या घरांत ठाऊक असेल.

समजा, पवनी तालुक्यातील एखादी विद्यार्थिनी इतिहासाच्या प्रकल्पासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आली आणि तिने ‘देवांची पुस्तके’ मागितली. बहुतेक महाविद्यालयांत ड्युई दशांश पद्धतीने पुस्तकांचे वर्गीकरण होते. त्या पद्धतीत जैन धर्माला २९४.४ हा क्रमांक आहे, म्हणून श्रमणसंघाचा इतिहास धर्माच्या कपाटात जातो. पवनीचे उत्खनन प्राचीन भारताच्या ९३४ मध्ये. देवांचे मराठीतील ‘पुरातत्त्वविद्या’ हे पुस्तक पुरातत्त्वाच्या ओळीत, आणि महाराष्ट्र व गोवे येथील शिलालेख-ताम्रपटांची त्यांनी केलेली वर्णनात्मक संदर्भसूची आणखी कुठेतरी, सूचिग्रंथांत. एका माणसाचे काम चार ठिकाणी विखुरले आणि यात वर्गीकरणाची काहीही चूक नाही, कारण कपाटावर पुस्तक एकाच जागी राहू शकते. विखुरलेले एकत्र आणणे हे तालिकेचे काम, आणि तालिका आता संगणकात गेली आहे.

संगणक आला म्हणजे हे काम आपोआप होते, असा एक गोड समज आहे. प्रत्यक्षात विद्यार्थिनीने ‘शां. भा. देव’ असे टंकित केले, तर संगणक तिला मराठी पुस्तके दाखवील. इंग्रजी ग्रंथांची नोंद रोमन लिपीत झालेली असते आणि त्या लिपीत देव हे आडनाव ‘डी-ई-ओ’ असे लिहिले जाते, ‘डी-ई-व्ही’ असे नव्हे. यंत्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे झाली. त्यातून एका पुस्तकावर नुसती आद्याक्षरे, दुसऱ्यावर शांताराम भालचंद्र हे पूर्ण नाव. एका लेखकाची अशी तीन-चार रूपे होतात आणि ग्रंथालय गप्प राहते. पुस्तक कपाटात असूनही विद्यार्थिनी रिकाम्या हाताने परतते.

यावरचा उपाय जुनाच आहे. लेखकाचे एक रूप प्रमाण धरायचे, उरलेली सगळी रूपे त्याच्या खाली लिहायची आणि प्रत्येक रूपाकडून मूळ रूपाकडे वाट करून द्यायची. पूर्वी हे काम तालिकापत्रांवर ‘पहा’ असे लिहून केले जाई. आज ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींसाठी मार्क-२१ नावाचा जो जागतिक नमुना वापरतात, त्यात यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. शीर्षकाची इतर रूपे २४६ क्रमांकाच्या रकान्यात जातात, दुसऱ्या लिपीतील नोंद ८८० मध्ये. जागा आहेत, पण त्या भरणारा ग्रंथपाल हवा, आणि त्याला मराठी, थोडे प्राकृत आणि बरेचसे धैर्य हवे.

मराठीत हा प्रश्न लेखकांच्या नावांपुरता थांबत नाही. ‘षट्खंडागम’ आणि ‘षट्खण्डागम’ ही वाचकाला एकाच ग्रंथाची नावे वाटतात. संगणकाला तसे वाटेलच असे नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांच्या शीर्षकांत ‘पुस्तकें’, ‘तीर्थें’ असे अनुस्वार असत. आजच्या मुलांच्या बोटांना ते सवयीचे नाहीत. ‘दऱ्या’ या साध्या शब्दातील अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टंकित होतो, दिसायला सारखाच दिसतो आणि शोधात मात्र जुळत नाही. रोमन लिपीत जैन ग्रंथांची नावे लिहिताना तर ‘श’, ‘ष’ आणि ‘स’ यांची जी गत होते ती सांगायला नको.

याच्याही आधीची एक आपत्ती आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण मराठी कार्यालयांत आणि ग्रंथालयांत ती पोहोचायला बराच काळ गेला. तोवर मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकित होई. पडद्यावर देवनागरी दिसे, आत साठवलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती यादी उघडली की निरर्थक अक्षरांचा ढीग समोर येतो. अशा याद्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांना त्या युनिकोडमध्ये उतरवून पुन्हा एकदा पुस्तकाशी ताडून पाहाव्या लागतात. हे काम कोणत्याही अहवालात उठून दिसत नाही.

साधनांची उणीव आता तितकीशी राहिलेली नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी ‘सोल’ ही प्रणाली तयार केली. २००९ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोडची सोय झाली आणि २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती आली. दुसरी वाट ‘कोहा’ची. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून त्यांनी नवी लिहून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणून जगाला विनामूल्य खुली केली. ‘कोहा’ हा तेथील माओरी लोकांचा शब्द. अर्थ, भेट. आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदानाला स्थान देणाऱ्या समाजाला या नावाचे मोल सांगावे लागणार नाही.

यादी हे ज्ञानाच्या वाटेवरचे किती मोठे साधन आहे, याचा एक जुना दाखला विदर्भातच आहे. भंडारा जिल्हा ज्या मध्यप्रांतात मोडत होता, त्या मध्यप्रांत आणि वऱ्हाड येथील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची रायबहादूर हिरालाल यांनी तयार केली आणि ती १९२६ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध झाली. कारंजा येथील जैन मंदिरांच्या शास्त्रभांडारांतील पोथ्यांची माहिती त्या सूचीत आली, तेव्हा अपभ्रंश भाषेतील मोठमोठी काव्ये तेथे पडून आहेत हे विद्वानांच्या ध्यानात आले. अमरावतीच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी या भांडारांत काम केले. कारंजाहून पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आणि मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये त्यांच्या संपादनाखाली बाहेर आले. (सूचीकार हिरालाल आणि प्राध्यापक हिरालाल ही दोन माणसे. नावांच्या सारखेपणाने येथेही अनेकांना चकवले आहे, आणि संगणकीय तालिकेत तर दोघे सहज एक होऊन बसतात.) याच हिरालाल जैनांनी पुढे षट्खंडागमाचा धवला टीकेसह पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित केला. पोथ्या शतकानुशतके होत्याच. त्या कोठे आहेत हे लिहिलेला कागद मात्र १९२६ मध्ये आला, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत त्या छापून लोकांच्या हाती पडू लागल्या.

आज विद्यार्थ्याच्या हातात फोन आहे. २०१० पासून इन्फ्लिबनेटच्या ‘एन-लिस्ट’ योजनेतून महाविद्यालयांना अल्प वार्षिक वर्गणीत सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि मोठा ई-ग्रंथसंग्रह मिळतो. ग्रंथपाल विद्यार्थ्यांची यादी भरतो, प्रत्येकाला प्रवेशनाव आणि परवलीचा शब्द मिळतो, आणि मग लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातील घरी बसूनही लेख उघडता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून सुमारे १३,००० नियतकालिके तिच्या कक्षेत आहेत. ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. त्या चौकटीत न बसणाऱ्या महाविद्यालयांना एन-लिस्टचाच आधार. देशातील पाच लाखांहून अधिक प्रबंध ‘शोधगंगा’वर वाचायला मिळतात आणि त्यात नागपूर विद्यापीठाचेही आहेत. जैन ग्रंथांपुरते बोलायचे तर ‘जैन ई-लायब्ररी’वर हजारो छापील ग्रंथांची छायारूपे आहेत.

इतके सगळे असताना अडचण कोठे येते? या भांडारांतील बहुतेक सामग्री इंग्रजीत आहे आणि भंडाऱ्यातील बहुतेक विद्यार्थी मराठीतून शिकून आलेले आहेत. प्रवेशनाव दिले म्हणजे सेवा दिली असे मानणारा ग्रंथपाल वर्षाअखेरीस वापराचे आकडे पाहून खंतावतो. जो ग्रंथपाल विद्यार्थ्याजवळ बसून, ‘पवनी’ हा शब्द रोमन लिपीत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून शोधायला शिकवतो, त्याचे ग्रंथालय चालते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाच्या वेळेविषयी आहे, आणि यंत्राने वाचवलेला वेळ अशा जवळ बसण्यासाठी खर्च झाला तर ते सूत्र सार्थ होते. देवघेवीच्या खिडकीवर बारकोड आल्याने जी दहा मिनिटे वाचली, ती कोठे गेली, हा प्रश्न प्रत्येक ग्रंथालयाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

शिवाय एक संग्रह असा आहे, जो गांधीनगर किंवा दिल्लीहून कधीच येणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीची स्वतःची बोली आहे, दंडारीसारखी लोकनाट्ये आहेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाची चळवळ उभी केली. या परिसरातील पुस्तिका, संमेलनांच्या स्मरणिका, तलावांवर आणि पितळेच्या धंद्यावर विद्यार्थ्यांनी केलेले प्रकल्प, मंदिरांच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी काढलेल्या छोट्या पुस्तिका, यांतल्या अनेकांवर आयएसबीएन क्रमांकही नसतो. गावातील महाविद्यालयाने त्या जपल्या नाहीत तर त्या जगात कोठेच उरत नाहीत. त्यांच्यासाठी ‘डीस्पेस’सारखी मोफत प्रणाली आहे. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ती २००२ मध्ये खुली केली. एक बरासा स्कॅनर आणि मराठी अक्षरे ओळखणारी ‘टेसरॅक्ट’सारखी विनामूल्य प्रणाली असली की काम सुरू होऊ शकते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ती जोडाक्षरांवर अडखळते, त्यामुळे उतरवलेला मजकूर माणसाने वाचूनच पुढे न्यावा लागतो. मात्र जे स्कॅन केले ते सगळेच जगाला खुले करता येत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे लेखकाची किंवा वारसांची लेखी संमती घेणे हेही या कामाचाच भाग आहे. गावात ओळख असते, संमती मिळते. फक्त मागायला जावे लागते.

आणि दानात आलेली पुस्तके. घरातील वडीलधारी व्यक्ती गेली, की तिची धर्मग्रंथांची पेटी जवळच्या महाविद्यालयाला द्यावी असा सद्भाव जैन कुटुंबांत नवा नाही. पेटी येते, आभाराचे पत्र जाते, आणि पुष्कळदा पुस्तके दाखल नोंदवहीच्या प्रतीक्षेत कोपऱ्यात राहतात. (हिंदी ग्रंथालयशास्त्रात या दाखल करण्याला ‘परिग्रहण’ म्हणतात. अपरिग्रहाचे व्रत ऐकत वाढलेल्या माणसाला त्याची मौज वाटावी.) अशा पेटीत छापील पुस्तकांबरोबर एखादी हस्तलिखित पूजापोथी असते, समासात तिथी आणि टिपणे असतात, पहिल्या पानावर गाव आणि संवत असते. देणाऱ्याने सोबत एक साधा कागद जोडला, पुस्तके कोणाची, कोठून आणली, घरात किती पिढ्या होती, तर ग्रंथपालाचे अर्धे काम होते.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस प्रशस्ती असे. कोणी लिहिली, कोणी लिहवून घेतली, कोणत्या मंदिराला आणि कोणत्या वर्षी दिली, हे त्या ओळींत असे. मार्क-२१ च्या नमुन्यात तिच्यासाठी ५६१ क्रमांकाचा रकाना आहे, ग्रंथ पूर्वी कोणाकोणाकडे होता ते लिहिण्याचा. ग्रंथालयांच्या नोंदी उघडून पाहिल्या तर तो रकाना बहुधा कोरा असतो.