रोहित्र आधी सांगते, आम्ही ऐकत नाही

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की वृत्तपत्रांच्या पानांवर काही बातम्या ठरल्याप्रमाणे दिसू लागतात. कुठे माड वीजवाहिनीवर आडवा झाला, कुठे दरड कोसळली, कुठे औद्योगिक वसाहतीतील रोहित्र, म्हणजे आपल्या बोलण्यातला ट्रान्सफॉर्मर, जळाल्यामुळे कारखान्यांचे काम ठप्प झाले. या शेवटच्या बातमीच्या तळाशी कधीकधी एक ओळ असते : दुरुस्ती करताना एक कामगार भाजला, किंवा विजेच्या धक्क्याने दगावला. मथळा उत्पादनाच्या नुकसानीला मिळतो, कामगाराच्या वाट्याला तळाची ओळ येते; आणि ‘अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली’ या वाक्यानंतर आपण सारेच पान उलटतो. या दोषातून आम्ही स्वतःला वगळत नाही. परंतु ज्याला आपण इतक्या सहजपणे अपघात म्हणतो, तो खरोखर अपघात असतो काय, याचा विचार आता केलाच पाहिजे.

उत्तराखंडातील चमोली येथे १९ जुलै २०२३ रोजी जे घडले ते या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारे आहे. अलकनंदेच्या काठी ‘नमामि गंगे’ योजनेखाली उभारलेल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात रात्री तेथल्या रखवालदाराचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. सकाळी त्याचे नातेवाईक व गावकरी जमले, पंचनाम्यासाठी पोलीस आले. आणि त्या जमावाभोवतीच्या लोखंडी कठड्यातच वीज उतरली. रोहित्राचा स्फोट झाला, अशा बातम्या त्या दिवशी देशभर पसरल्या. एकंदर १६ जणांचा बळी गेला. त्यांत पंचनाम्यास आलेले पोलीस उपनिरीक्षक होते, होमगार्डचे जवान होते. पहिला मृत्यू हाच सर्वांत मोठा इशारा होता. ज्या जागी रात्री माणूस विजेने मेला, त्या जागेचा पुरवठा पूर्णपणे तोडून तो तोडलेलाच राहील अशी व्यवस्था होईपर्यंत तेथे कोणाला पाऊल टाकू देता कामा नये, एवढा साधा नियम पाळला गेला असता तर एकाच्या पंचनाम्याला गेलेल्यांचे पंचनामे करण्याची वेळ आली नसती.

आडगावच्या केंद्रात जाणती माणसे नसतात, म्हणून असे घडते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. तेलंगणातील श्रीशैलम येथील भूमिगत जलविद्युतगृहात २० ऑगस्ट २०२० च्या रात्री आग लागली व नऊजण धुराने कोंडून मेले. ते सारे या विद्येतलेच होते. त्यांत अभियंतेही होते. त्या रात्री तेथे बॅटऱ्यांच्या संचाचे काम चालू होते. विजेपुढे शिकलेला आणि न शिकलेला असा भेद नाही. भेद असतो तो फक्त नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या व्यवस्थेत.

रोहित्र हे मुळात शांत यंत्र आहे. त्यात फिरणारा एकही मुख्य भाग नाही. लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्याभोवती तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वेटोळी, वेटोळ्यांवर कागदाचे आवरण आणि हे सारे बुडालेले असते ते खनिज तेलात. हे तेल दोन कामे करते : उष्णता बाहेर नेते आणि विजेला भलत्या वाटेने जाऊ देत नाही. तेलात पाणी शिरले, कागद जीर्ण झाला, सांधा सैल पडला, किंवा रोहित्रावर त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार लादला की त्याचे आयुष्य घटू लागते. वेटोळ्याचे तापमान मर्यादेपलीकडे दर सहा अंशांनी वाढले की कागदाच्या झिजेचा वेग दुप्पट होतो, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. शेवटी आत ठिणगी पेटते, तिच्या हजारो अंशांच्या उष्णतेने तेलाचे हायड्रोजन व ॲसिटिलीनसारखे ज्वालाग्राही वायू बनतात, क्षणार्धात दाब वाढून टाकी फाटते आणि जळते तेल जवळ उभ्या असलेल्याच्या अंगावर येते.

परंतु हा शेवटचा क्षण येण्यापूर्वी रोहित्र पुष्कळ दिवस, कित्येकदा महिनोन्महिने, सांगत असते. त्याच्या नेहमीच्या गुणगुणण्यात खरखर येते. टाकीच्या सांध्यांतून तेल पाझरते, मापनळीत तेलाची पातळी खाली जाते. हवा आत घेणाऱ्या ब्रीदरमधील निळे खडे ओल शोषून गुलाबी होतात. ते पाहायला यंत्र लागत नाही, डोळे पुरतात. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत नेला तर त्यात विरघळलेले वायू आतली दुखणी सांगतात. जर्मन अभियंता माक्स बुखहोल्ट्झ याने १९२१ मध्ये शोधलेली, मोठ्या रोहित्रांवर आजही बसवली जाणारी छोटी पेटी तर तेलातले बुडबुडे साठले की आधी घंटा वाजवते व पुढे पुरवठाच तोडते. शंभर वर्षांपूर्वी शोधलेले हे पहारेकरी दाराशी असताना रोहित्र ‘अचानक’ फुटले असे म्हणणे म्हणजे ताप चढत असताना नाडी न पाहता रोगी अचानक गेला असे म्हणण्यासारखे आहे.

आमच्या किनारपट्टीला हा प्रश्न अधिकच बोचणारा आहे. १९६६ साली गोव्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. तेव्हापासून कुंडई, वेर्णे, मडकई, थिवी, कुंकळ्ळी अशा वीसहून अधिक वसाहती उभ्या राहिल्या. येथील हवा चार महिने पाण्याने भिजलेली व बाराही महिने खाऱ्या वाऱ्याची. लोखंडाला गंज, चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर आणि तेलात ओल हे आमच्या हवामानाचे तीन नेमाचे पाहुणे. त्यात आमची जमीन जांभ्याची. जांभा दगड घराच्या भिंतीला उत्तम, परंतु तो विजेला सहजासहजी वाट देत नाही, विशेषतः उन्हाळ्यात कोरडा पडल्यावर. म्हणून अर्थिंगचा खड्डा आमच्याकडे अधिक काळजीने घ्यावा लागतो; पट्टी गंजली आहे का ते पाहावे लागते, वेळोवेळी पाणी घालावे लागते आणि मुख्य म्हणजे मापावे लागते. अर्थिंग निकामी झाले की दोष झाल्यावर विजेला जमिनीत जाण्याची वाट राहत नाही, आणि मग टाकी, कुंपण, कठडा, ओली जमीन यांपैकी काहीही जिवंत होते. त्या वेळी तिला जी वाट सापडते ती बहुधा माणसाच्या देहातून जाते. शंभर वॅटच्या दिव्याला जेवढा प्रवाह लागतो त्याचा चौथा हिस्सा हृदयातून गेला तरी माणूस वाचणे कठीण.

खंडेनवमीला आपल्या कारखान्यांतून यंत्रांची पूजा होते. कुंपणाच्या कोपऱ्यातल्या रोहित्रालाही झेंडूची माळ मिळते, हळदकुंकू लागते, नारळ फुटतो. ही परंपरा आम्हाला प्रिय आहे. ज्याच्यावर पोट चालते त्याविषयी कृतज्ञ राहण्याचा हा संस्कार आहे. पण माळ घालणाऱ्या हाताने त्याच दिवशी ब्रीदरच्या खड्यांचा रंग पाहिला, तेलाची पातळी पाहिली, अर्थिंगच्या पट्टीवरचा गंज पाहिला, तर ती पूजा अधिक सार्थ होणार नाही काय? शस्त्राची पूजा करणारा पूर्वज त्याची धारही तपासत असे.

यंत्राचे बिघडणे ही एक गोष्ट, आणि त्यापायी माणसाने मरणे ही दुसरी. पहिली कधीकधी टळत नाही. दुसरी जवळजवळ नेहमी टळू शकते. माणसे बहुधा मरतात ती यंत्र फुटल्यामुळे नव्हे, तर बंद समजलेली वाहिनी चालू असल्यामुळे. दुरुस्ती चाललेली असताना दुसऱ्या टोकाला कोणीतरी स्विच चढवतो. त्याला कळवलेले नसते, किंवा ‘काम संपले असेल’ असे त्याला वाटलेले असते. याहून फसवा प्रकार जनरेटरचा. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. वीज गेली म्हणून एखाद्या कारखान्याने जनरेटर सुरू केला आणि मधला चेंजओव्हर स्विच सदोष असला, तर ४१५ व्होल्टची ती वीज उलट्या वाटेने रोहित्रात शिरते व पलीकडच्या वाहिनीवर ११,००० व्होल्ट होऊन उभी राहते. खांबावरचा लाईनमन ज्या तारेला मेलेली समजून हात घालतो ती शेजारच्या कारखान्याने जिवंत केलेली असते.

यावरचा उपाय महागडा नाही. पुरवठा तोडावा, स्विचला कुलूप घालावे आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी. फलक लावावा. तारेत वीज नाही हे उपकरणाने तपासावे. मग कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडावी, म्हणजे कोणी चुकून वीज सोडली तरी ती माणसापर्यंत पोचण्याआधी जमिनीत जाईल. लेखी परवान्याशिवाय कामाला हात लावू नये, आणि तो परवाना ज्याने घेतला त्यानेच परत करावा. कुलूप, किल्ली, कागद आणि तांब्याची तार, एवढ्यांत माणसाचा जीव वाचतो. मग ते होत का नाही?

होत नाही, कारण रोहित्र सर्वांचे असते आणि म्हणून कोणाचेच नसते. कुंपणाबाहेरच्या खांबापर्यंत वीज खाते, कुंपणाच्या आत मालक, देखभालीला कंत्राटदार, आणि प्रत्यक्ष हात घालायला कंत्राटदाराने रोजावर आणलेला मुलगा. जसजसे काम धोक्याचे होते तसतशी माणसाची नोकरी कच्ची होत जाते, हा आमच्या औद्योगिक प्रगतीचा न लिहिलेला नियम आहे. त्या मुलाच्या हातात हातमोजे असतात ते बहुधा भाराचे सामान उचलण्याचे. उच्च दाबासाठी तपासलेल्या रबरी मोज्यांशी त्यांचा संबंध नसतो. ‘थांबा, आधी कुलूप घालू’ असे तो म्हणाला तर उद्या कामावर राहील की नाही, ही धास्ती त्याला विजेहून मोठी असते. आणि काही झालेच तर ‘त्याने काळजी घेतली नाही’ असा शेरा मारून चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जाते. मेलेला माणूस उलट जबाब देत नाही.

कायदे नाहीत असे नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून २००३ च्या वीज कायद्यापर्यंत आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ च्या सुरक्षा विनियमांपर्यंत अर्थिंग, कुंपण, तेल साठवण्याचे खड्डे, अग्निरोधक भिंती, परवाने यांविषयी सविस्तर लिहिलेले आहे. वीज कायद्याच्या १६१ व्या कलमाने अपघाताची सूचना देणे बंधनकारक आहे, आणि विद्युत निरीक्षक चौकशी करू शकतो. परंतु अलीकडच्या धोरणांचा कल दुसरीकडे दिसतो. ठरावीक दाबापर्यंतच्या वीजसंचांचे प्रमाणपत्र मालकानेच स्वतःला द्यावे, अशी सवलत आली. १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेने निरीक्षकाला ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ असे जोडनाव दिले. उद्योगांना जाच होऊ नये हे आम्हालाही मान्य आहे. पण सुविधा कोणाची, याचा निर्णय होताना रोहित्राखाली उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारले होते काय? देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांहून अधिक माणसे मरतात, हे सरकारचीच आकडेवारी सांगत आली आहे.

यावर मालकांचे म्हणणे ठरलेले असते : तपासणीसाठी काम थांबवले तर उत्पादन बुडते. लहान उद्योजकाची ओढाताण आम्ही जाणतो; बँकेचा हप्ता आणि मालाची मुदत त्याला झोपू देत नाहीत. परंतु आठ तासांची ठरवून घेतलेली बंदी आणि रोहित्र जळाल्यावर लादली गेलेली आठ दिवसांची बंदी, यांत स्वस्त कोणती हे सांगायला हिशेबनीस नको. आणि हे गणित उलटे निघाले असते तरी आमचे म्हणणे बदलले नसते. पैशांत मोजता येणारे नुकसान आणि न येणारे नुकसान एकाच तराजूत घालायचे नसते.

यास्तव काही मागण्या आम्ही स्पष्टपणे मांडतो. दर वर्षी मे महिन्यात, जांभा सर्वांत कोरडा असताना, प्रत्येक औद्योगिक वसाहतीतील अर्थिंगची मोजणी व्हावी व तिचा आकडा रोहित्राच्या कुंपणावरच लिहिला जावा. जनरेटर असलेल्या प्रत्येक कारखान्याच्या चेंजओव्हर स्विचची पावसाळ्यापूर्वी तपासणी व्हावी. कुलूप-किल्लीची पद्धत वीज खाते, मालक व कंत्राटदार या तिघांनाही सारखीच बंधनकारक असावी. काम नाकारणाऱ्या कामगाराला, तो कायम असो वा कंत्राटी, संरक्षण असावे. आणि विद्युत निरीक्षकाच्या प्रत्येक मृत्युचौकशीचा अहवाल लोकांसमोर यावा. आज नातेवाइकांच्या हाती नुकसानभरपाईचा धनादेश पडतो, कारण पडत नाही. आणि कारण दडले की तेच कारण पुढच्या वसाहतीत पुढचा बळी घेते.

चवथीच्या ऐन पावसात घराघरांतले दिवे पेटते राहावेत म्हणून कोणीतरी खांबावर चढलेला असतो. कारखान्याचा भोंगा वाजावा म्हणून कोणीतरी रोहित्राच्या कुंपणात शिरलेला असतो. त्याच्याही घरी माटोळीखाली गणपती बसलेला असतो आणि आरतीसाठी त्याची वाट पाहिली जात असते. तो घरी परतावा यासाठी त्याच्या खिशात स्विचच्या कुलपाची किल्ली असली पाहिजे. ती त्याला देण्याचे काम आपले आहे.