स्मरणशक्तीचा भाव

बारामतीत हिशेब लिहिण्याचं छोटं कार्यालय चालवणारा माझा पुतण्या परवा कोटेशन घेऊन आला. "काका, चार संगणक बदलायचेत. विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. आणि नेमकी आत्ताच रॅम महागली! कर्ज काढू का?"

मी चष्मा लावला, पण नजर तीस वर्षं मागे गेली. नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाखेत कर्जाचे अर्ज पाहत असे. एका तरुणाला संगणक घेऊन उसाची बिलं, पगारपत्रकं छापून द्यायची होती. मी अर्ज नाकारला. कारण? "वर्षभरात यंत्राची किंमत निम्मी होईल, मग तारण कसलं?" माझा हिशेब चुकला नव्हता. १९९६ मध्ये मेमरीचे भाव खरंच कोसळले. पण त्याच स्वस्ताईनं संगणक गावोगावच्या कचेऱ्यांत पोचला, हे मला तेव्हा दिसलं नाही.

आज गंगा उलटी वाहते आहे. त्याचं कारण आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. एकाच उसापासून साखर होते आणि इथेनॉलही. रस इथेनॉलकडे वळला, की साखर कमी होते. मेमरीचंही तसंच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक रॅम बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महासंगणकांना चिपा एकावर एक रचलेली खास मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीपेक्षा तिला सिलिकॉन सुमारे तिप्पट लागतं. मग साध्या रॅमला उरणार काय? मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला 'क्रुशियल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचं जाहीर केलं.

गंमत पाहा. बारामतीच्याच अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साहाय्यानं उसाच्या शेतीत ही बुद्धिमत्ता आणली. उसाला पाणी कधी द्यायचं हे सांगणारं तंत्र आणि पुतण्याचं कोटेशन फुगवणारं तंत्र, दोघांची भूक एकच!

पुतण्याला म्हटलं, "चारही यंत्रं आधी तपासून घे. जी विंडोज ११ चालवतील ती ठेव. जी चालवणार नाहीत तेवढीच बदल. भाव उतरायची वाट पाहत गिऱ्हाइकांचे हिशेब धोक्यात घालू नकोस."

"आणि कर्ज?"

"बँकेत जाऊ नको. मी देतो."

तो हसला. एका जुन्या अर्जावर मी उशिरा सही करत होतो, हे त्याला कुठं ठाऊक!