फोटो तिनं काढला, नाव छापलं नवऱ्याचं

तायांनो, गटाच्या बैठकीचा फोटो काढायचा म्हटलं की आपल्याकडे अजूनही मोबाईल कुणाच्या तरी मुलाच्या नाही तर मालकांच्या हातात जातो. म्हणून या महिन्यात होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांगते. पेपरसाठी बातमीचे फोटो काढणाऱ्या भारतातल्या त्या पहिल्या बाई.

जन्म १९१३ चा, नवसारीच्या पारशी घरात. वडील नाटक कंपनीत. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी, पुढं त्यांच्याशीच लग्न झालं. पहिले फोटो छापून आले तेव्हा एका फोटोला एक रुपया मिळाला. पण सुरुवातीला फोटोखाली नाव असायचं माणेकशांचं! नवरा लबाड होता असं नाही, शिकवलं त्यानंच. पण नवख्या बाईच्या नावाला तेव्हा किंमत नव्हती. आपल्याकडे म्हैस गटाच्या कर्जातून, धारा ताई काढते आणि दुधाचं बिल मालकांच्या खात्यात जमा होतं, त्यातलाच हा प्रकार.

१९४२ साली त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवर फिरायच्या. लोकांना वाटायचं, ही बाई उगाच मिरवतेय. होमाईबाई म्हणायच्या, त्याचा फायदाच झाला, कारण कुणी अडवत नव्हतं! अशा अडवणूक न झालेल्या बाईनं मग काय काय टिपलं बघा: फाळणीचा निर्णय झाला ती काँग्रेसची बैठक, १९४७ च्या ऑगस्टमध्ये लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा. नेहरूंचे तर कितीतरी फोटो.

नवरा गेल्यावर वर्षभरात, १९७० मध्ये, त्यांनी हे काम सोडलं. नव्या फोटोग्राफरांची धक्काबुक्की, बेशिस्त त्यांना पटत नव्हती. (मला वाटतं, एवढं करून सोडायला नको होतं.) नंतर बडोद्याला राहिल्या. म्हातारपणी एकट्या असूनही नळाची, सुताराची कामं स्वतःच करायच्या. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, तेही त्यांच्याच नावानं. २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या.

आता आपलं. पुढच्या अंकासाठी येलदरी आणि आसपासच्या गटांनी बैठकीचा, शेळीपालनाचा, पापड-मसाल्याचा एक तरी फोटो पाठवावा. काढणारी गटातलीच ताई हवी. फोटोसोबत तिचं पूर्ण नाव आणि गटाचं नाव लिहून सीआरपी ताईकडे द्या. फोटो थोडा हलला तरी चालेल, नावाशिवाय मात्र छापणार नाही.