लोखंडी सिलिंडरच्या बुलेट इंजिनाची पुनर्बांधणी व निगा : शिरूर–दौंड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे मूलतः पर्जन्यछायेचे तालुके होत. खडकवासला, घोड व चासकमान या प्रकल्पांच्या कालव्यांनी येथे पाणी आणले, पाण्यामागून ऊस आला आणि उसाच्या पैशातून जी वाहने दारी उभी राहिली त्यांत बुलेट मोटारसायकलीला वेगळा मान मिळाला. वडिलांची बुलेट मुलाने आणि पुढे नातवाने चालविणे ही ग्रामीण भागात नवलाची गोष्ट नाही. मात्र तिच्या इंजिनाची पुनर्बांधणी हा विषय बहुधा मिस्त्रींच्या मौखिक परंपरेवरच सोपविला गेला आहे. प्रस्तुत लेखात या इंजिनाची रचना, दुरुस्तीत वारंवार होणारी एक चूक आणि बदललेल्या इंधनाचे परिणाम यांचा विचार केला आहे.

इंजिनाचा पूर्वेतिहास व रचना

हे इंजिन जन्माने ब्रिटिश आहे. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीच्या या गाडीची जुळणी भारतात करण्यासाठी 1955 मध्ये मद्रास मोटर्सच्या सहभागाने एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. पुढे सर्व सुटे भाग येथेच तयार होऊ लागले. मूळ ब्रिटिश उत्पादन 1970 च्या सुमारास संपले. भारतात मात्र लोखंडी सिलिंडरचे हे इंजिन 2010 च्या सुमारापर्यंत तयार होत राहिले. म्हणजे मायदेशापेक्षा येथेच त्याला दीर्घ आयुष्य लाभले.

सिलिंडरचा व्यास 70 मि.मी. व पिस्टनची धाव 90 मि.मी., म्हणून घनफळ 346 घन सें.मी. धाव व्यासापेक्षा मोठी असल्याने कमी वेगातही ओढ चांगली मिळते. शेताच्या कच्च्या रस्त्यावर हा गुण उपयोगी पडतो. सिलिंडर बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे व व्हॉल्व्ह उघडण्यासाठी पुशरॉड अशी ही साधी मांडणी आहे. प्रत्येक भाग सुटा होतो, मोजता येतो आणि बदलता येतो.

धुराचे निदान

सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला की सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसविणे हा सरसकट उपाय मानला जातो. येथेच मोठी चूक संभवते. पहिल्या वेळी वीसचा (20 हजारांश इंच) आणि पुढे चाळीसचा पिस्टन बसविला की सिलिंडरमध्ये कापण्याजोगे लोखंड फारसे उरत नाही. त्यानंतर स्लीव्ह बसविणे किंवा नवा सिलिंडर शोधणे, हेच मार्ग राहतात. घाईने केलेले एक बोअरिंग म्हणजे इंजिनाच्या आयुष्यातील एक टप्पाच वाया घालविणे होय.

धुराचे कारण अनेकदा सिलिंडरमध्ये नसतेच. या इंजिनात तेलाचा साठा क्रँककेसच्याच एका स्वतंत्र कप्प्यात असतो. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली, की तेल पंपामधून हळूहळू क्रँकच्या पोकळीत उतरते. मालक पट्टी काढून पाहतो, तेल कमी दिसते, म्हणून तो आणखी ओततो. पुढे किक मारताच साचलेले तेल वर उडून जळते आणि गाडी धुराने भरून जाते. अशा वेळी क्रँककेसचे तेल काढून टाकावे, योग्य पातळीपर्यंत नवे भरावे व गाडी काही अंतर चालवून पाहावी. व्हॉल्व्ह गाइडची झीज हेही धुराचे एक कारण असते. त्यासाठी हेड उतरविणे पुरेसे होते.

याउपरही धूर राहिल्यास सिलिंडर मोजावा. नुसत्या बोटाने चाचपून झीज कळत नाही. वर, मध्ये व तळाशी, तसेच समोर–मागे आणि आडव्या दिशेने डायल गेजने माप घ्यावे. रिंग जेथे दिशा बदलते तेथे, म्हणजे वरच्या बाजूस, झीज सर्वाधिक असते. बोअरिंग अटळ ठरल्यास पिस्टन आधी विकत घ्यावा व तो लेथवाल्याच्या हाती द्यावा. प्रत्यक्ष पिस्टन मोजून बोअर कापणे हेच योग्य. उलट क्रमाने केलेले काम पुष्कळदा पिस्टन जाम होण्यात संपते.

बिग एंड आणि तेलाची वाट

जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर नसून मोकळा फिरणारा बुश असतो. तो क्रँकपिनवरही फिरतो आणि रॉडमध्येही. त्याचे सर्व आयुष्य तेलाच्या पातळ थरावर अवलंबून आहे. हे तेल टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरते आणि त्या सांध्याला अडविणारी वस्तू म्हणजे एक लहानसे बूच. ते दबलेले अथवा तुटलेले असल्यास तेल बाहेरच्या बाहेर निघून जाते आणि हजारो रुपये खर्चून बसविलेला बुश थोड्याच दिवसांत ठोकू लागतो. म्हणून इंजिन जोडल्यावर टायमिंग कव्हरवरील तेलाचा प्लग किंचित सैल करून, इंजिन चालू ठेवून, तेथे तेल येते की नाही हे पाहणे आवश्यक आहे.

टॅपेटची जुळणी थंड इंजिनावर करावी : पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पॉइंटमधील अंतर 0.35 ते 0.40 मि.मी. असावे. पॉइंट नेमके केव्हा उघडतात हे पाहण्यासाठी जुने मिस्त्री त्यांत सिगारेटच्या पाकिटातील पातळ कागद धरतात. तो सुटला की पॉइंट उघडले. ही पद्धत गावठी वाटली तरी तिच्यामागील तत्त्व अचूक आहे.

उसाचे इंधन

मळी व उसाच्या रसापासून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. 20 टक्के मिश्रणाची विक्री 2023 च्या फेब्रुवारीत सुरू झाली व 2025 मध्ये ते देशभर सर्वसाधारण झाले. ऊस पिकविणाऱ्याला याचा लाभ आहे. पण त्याच्याच दारातील जुन्या बुलेटला हे इंधन सहजासहजी मानवत नाही, हा विरोधाभास लक्षणीय आहे. शुद्ध पेट्रोल जाळण्यास वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 पट. 20 टक्के मिश्रणाला ती साडेतेरा पटीच्या आसपास पुरते, म्हणजे त्याच हवेसाठी सुमारे आठ टक्के अधिक इंधन हवे. कार्बोरेटरला हे कळत नाही. परिणामी मिश्रण विरळ होते, इंजिन अधिक तापते व प्लगचे टोक पांढरे पडते. मेन जेट एक माप मोठा बसविणे आणि सुईची क्लिप एक खाच खाली घेणे, म्हणजे सुई वर उचलणे, हा स्वस्त उपाय आहे. तापल्याने गाडी अडली तरी पुष्कळदा दोष पिस्टनला दिला जातो आणि सिलिंडर पुन्हा एकदा लेथवर जातो.

इथेनॉल पाणी शोषते. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत ते पाण्यासह तळाशी वेगळे होते आणि नळी उघडताच प्रथम तेच कार्बोरेटरमध्ये उतरते. जुन्या रबरी नळ्या व सील फुगतात, जस्तमिश्रित भागांवर पांढरी पूड धरते. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकी व कार्बोरेटरची वाटी दोन्ही रिकाम्या कराव्यात. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्यात.