आतषबाजीच्या काळातील घोड्यांची भीती व तिचा बंदोबस्त

दिवाळीच्या दिवसांत, अथवा तुळशीविवाहानंतर लग्नसराई सुरू झाली म्हणजे, घोडा बाळगणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. एरवी गरीब असणारे जनावर फटाका वाजताच बेभान होते, दावे तोडते आणि ओळखीच्या मोतद्दारालाही जुमानीत नाही. अशा घोड्यावर खोडकरपणाचा शिक्का बसतो व उपाय म्हणून चाबूक किंवा आखूड दावे यांचा अवलंब होतो. हे दोन्ही उपाय दुखणे वाढविणारे आहेत. ज्यास खोड म्हणतात ती वस्तुतः घोड्याच्या ज्ञानेंद्रियांची स्वाभाविक परिणती होय, आणि ती समजून घेतल्यावाचून केलेला बंदोबस्त फारसा उपयोगी पडत नाही.

मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. घोड्याची मर्यादा सुमारे ५५ पासून ३३,००० कंपनांपर्यंत जाते. म्हणजे बाणाच्या शिट्टीतील किंवा स्फोटाच्या कडाडण्यातील जे उंच स्वर धन्याच्या कानी पडतही नाहीत, ते घोड्यास ऐकू येतात. परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट दिशाज्ञानाची आहे. दोन ध्वनींच्या दिशांत एका अंशाइतके अंतर असले तरी मनुष्यास ते ओळखता येते. घोड्यास मात्र सुमारे २५ अंशांचे अंतर लागते. कान टवकारून, दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरवून तो कानोसा घेतो खरा. पण धोका आहे एवढेच त्यास कळते, तो नेमका कोठे आहे हे कळत नाही. ही उणीव तो एरवी डोळ्यांनी भरून काढतो, कारण त्याची दृष्टी शरीराभोवती जवळजवळ पूर्ण वर्तुळ व्यापते. रात्री हा आधारही सुटतो. घोड्याच्या डोळ्यास उजेडातून अंधारास सरावण्यास मनुष्यापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि दर झगमगाटानंतर तो पुन्हा दिपतो. उघड्या माळावर पळून जीव वाचविणाऱ्या प्राण्यास अशा स्थितीत एकच मार्ग उरतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटास ३० ते ४० ठोके देणारे हृदय पळताना २०० च्याही पुढे जाऊ शकते.

या भीतीची व्याप्ती किती, याचा एक अंदाज न्यूझीलंडमधील पाहणीवरून येतो. तेथे नोव्हेंबरच्या आरंभी आतषबाजीचा सण असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत अकराशेंहून अधिक अश्वपालकांनी भाग घेतला. त्यांच्या घोड्यांपैकी सुमारे चार-पंचमांश घोडे आतषबाजीच्या वेळी अस्वस्थ किंवा अतिशय अस्वस्थ होतात, असे त्यांनी नोंदविले. घोडा कुंपण तोडून पळाल्याचा अनुभव सुमारे एकतृतीयांश पालकांना, तर इजा झाल्याचा अनुभव सुमारे एकचतुर्थांश पालकांना आला होता. ही माहिती पालकांनी स्वतःहून दिलेली असल्यामुळे ती काहीशी एकांगी असू शकेल. तरीही प्रश्न चार-दोन बुजऱ्या घोड्यांचा नाही हे तीवरून स्पष्ट होते.

घोडा फटाक्यांपासून किती दूर असावा, याचा हिशेब अवघड नाही. भारतात १९९९ साली झालेल्या नियमाने, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यास मनाई केली. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे नियमात बसणारा फटाकाही ८ मीटरवर ११९, तर ६४ मीटरवर १०१ डेसिबल भरेल. दोन्ही बाजूंस उंच भिंती असलेल्या गल्लीत तर हा उतारही मिळत नाही, आणि प्रतिध्वनीमुळे दिशेचा घोटाळा अधिकच वाढतो.

खरा बंदोबस्त सणाच्या कित्येक आठवडे आधी सुरू करावा लागतो. बुजणाऱ्या घोड्यास मारू नये, कारण मारामुळे भीतीच्या वस्तूचा आणि वेदनेचा संबंध त्याच्या मनात पक्का होतो, हे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने आपल्या अश्वविद्येवरील ग्रंथात सांगून ठेविले आहे. अलीकडील प्रयोग त्याच्या बाजूचे आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन वर्षांच्या २७ घोड्यांना एका भीतिदायक वस्तूची तीन निरनिराळ्या पद्धतींनी सवय करण्यात आली. ज्यांना ती वस्तू सौम्य रूपात, पायरीपायरीने दाखविली ते घोडे सर्वांत कमी बुजले. ध्वनीच्या बाबतीत याचा अर्थ असा की, फटाक्यांचे मुद्रित आवाज प्रथम कानोसा घेण्याइतकेच हलके, चंदी खाताना ऐकवावेत. घोडा खाणे न थांबविता ऐकू लागला म्हणजेच आवाज किंचित वाढवावा. तोबऱ्यातून तोंड वर निघाले की पायरी चुकली असे समजून मागे यावे. अर्थात कर्ण्यातून स्फोटाचा हादरा येत नाही, झगमगाट येत नाही आणि दारूचा वासही येत नाही. म्हणून या शिक्षणास पूर्ण संरक्षण मानू नये. सरावलेल्या शांत घोड्याची सोबत दिल्यास नवखा घोडा कमी भितो, हेही प्रयोगांनी दाखविले आहे.

प्रत्यक्ष रात्री नवे असे काहीच करू नये. तबेल्याची सवय असलेल्यास तबेल्यात, कुरणात राहणाऱ्यास शक्यतो त्याच्याच कुरणात, सोबत्यासह ठेवावे. आत मंद दिवा सतत जळत ठेवल्यास बाहेरची चमक कमी जाणवते. पुढ्यात भरपूर वैरण असावी. चघळण्यात जनावराचे मन गुंतते आणि पोटही रिकामे राहत नाही. आगाडी-पिछाडी लावून जखडणे मात्र घातक होय. पळता न येणारा घोडा दोरीशी झगडतो, पडतो व पाय कापून घेतो. दार लावलेल्या ऐसपैस खणात तो मोकळा असलेला बरा. कडब्याच्या गंजीजवळ पाणी आणि वाळू हाताशी ठेवावी. गुंगीचे औषध पशुवैद्यानेच, आणि भीती चढण्यापूर्वी द्यावे लागते. गुंगीतला घोडाही दचकून लाथ झाडू शकतो, हे विसरता कामा नये.

वरातीच्या घोड्याच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. त्याला सोबती नाही, वैरण नाही, अंतर नाही. पाठीवर नवरदेव आणि पुष्कळदा त्याच्या पुढे एखादे लहान मूल, सभोवती बँड, पायांपुढे फटाक्यांची माळ. घोडेवाल्याने तक्रार केली तर पुढची सुपारी जाण्याचे भय असते, म्हणून तो गप्प राहतो. ही बोली सुपारी घेतानाच झाली पाहिजे: फटाके वाजवायचे तर घोडा येण्यापूर्वी, अथवा तो निदान साठ-सत्तर मीटर दूर उभा करून व स्वारास खाली उतरवून. मुलास पाठीवर बसवूच नये. मान ताठ होणे, नाकपुड्या फुलणे, अंग थरथरणे, वारंवार पातळ लीद टाकणे ही लक्षणे दिसताच स्वारास उतरवावे आणि घोड्याचे तोंड वळवून त्यास लहान वर्तुळात चालवावे. लगामाची दोरी हाताला गुंडाळून घेऊ नये. घोडा उधळल्यास माणूस फरफटत जातो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घोड्याचे चारही पाय हात फिरवून पाहावेत. रात्रीची वैरण किती उरली, पाणी किती प्याले गेले, लीद नेहमीसारखी आहे की नाही हे तपासावे. वैरण तशीच उरली असेल आणि घोडा वळून कुशीकडे पाहत असेल किंवा पायाने जमीन उकरीत असेल, तर पोटशूळाची शंका घेऊन पशुवैद्यास तत्काळ बोलवावे. कुरणात सोडण्यापूर्वी बाणांच्या काड्या, फुलबाज्यांच्या तारा आणि न फुटलेले फटाके वेचून काढावेत; गवतात लपलेली तार घोड्याच्या तोंडात जाण्यास वेळ लागत नाही.