बंदुकीवर दुर्बीण बसवताय? आधी हे वाचा

शेतकरी बंधूंनो, भाताचे दाणे दुधात आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कुणगा आडवा करतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. कोकणात अनेक घरांत शेतसंरक्षण परवान्याची बंदूक आहे. "तिच्यावर दुर्बीण बसवली तर नेम पक्का होईल ना?" असे बरेच जण विचारतात. दुर्बीण नेम शिकवत नाही. ती फक्त समोरचे नीट दाखवते. घ्यायचीच असेल तर तेवढ्यासाठी घ्या.

पहिल्यांदा आपली बंदूक बघा. ठासणीची असेल तर दुर्बिणीचा विचार सोडा. तिच्यावर ती बसवायला जागा नसते. गावात कुणाकडून नळीला भोक पाडून घेणे जिवावर बेतू शकते, आणि परवान्याशिवाय बंदुकीचे काम करणे गुन्हाही आहे. बारा बोअरमध्ये छर्ऱ्याचे काडतूस घालत असाल तर 30-40 यार्डांपलीकडे भरवसा नाही, आणि तेवढ्या अंतराला माशी पुरते. एका गोळीचे काडतूस वापरणाऱ्यालाच दुर्बिणीचा काही उपयोग. तोही साध्या नळीतून 50 यार्डांपर्यंतच.

आकडे कसे वाचायचे?

दुर्बिणीवर 4x32 लिहिले असेल तर 4 म्हणजे चौपट मोठे दिसते, आणि 32 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 3-9x40 म्हणजे तिपटीपासून नऊपटीपर्यंत फिरवता येणारी. दुकानदार मोठा आकडा दाखवून भुलवतो. पण नऊपटीवर 100 यार्डांवरचा साधारण 14 फुटांचाच पट्टा दिसतो, म्हणजे 30 यार्डांवर जेमतेम 4 फूट. डुक्कर हलले की ते शोधत बसावे लागते, आणि त्याच्या मागे कोण आहे हेही कळत नाही.

उजेडाचा हिशेबही सोपा आहे. भिंगाच्या आकड्याला पटीने भागा. 32 भागिले 4 म्हणजे 8, आणि 40 भागिले 9 म्हणजे साडेचारच्या आत. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे 7 मिलिमीटर उघडते, वयाबरोबर ती कमी होते. म्हणून तिन्हीसांजेला कमी पटीची दुर्बीण जास्त उजळ दिसते. आपल्या कामाला दीडपट ते चौपट भरपूर झाली.

बारा बोअरचा धक्का जबर असतो. डोळा आणि दुर्बीण यांत निदान साडेतीन इंच अंतर राहील अशीच घ्या, नाहीतर भुवई फुटलीच म्हणून समजा. दुर्बीण आणि पकडी बारा बोअरचा धक्का सोसणाऱ्या आहेत ना, हे परवानाधारक विक्रेत्याला विचारा. बसवण्यापूर्वी परवाना शाखेतही चौकशी करा. मग जिथे सरावाची परवानगी आहे तिथे नेम जुळवून घ्या. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की नेम पुन्हा तपासा. ढिगात ठेवताना दुर्बीण हललेली असू शकते.

परवाना वेगळा, परवानगी वेगळी

बंदुकीचा परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते. त्यासाठी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज करा आणि कागदावरच्या अटी पाळा. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता असते, वाटे घालायचे नसतात. नुकसानभरपाईसाठी पंचनामा लगेच मागा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. डुक्कर समजून माणसावरच गोळी सुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. तो माणूस बहुतेक वेळा आपल्याच गावचा असतो, कधी शेजारच्या कुणग्यात राखणीला बसलेला, कधी पाणंदीने घरी निघालेला. म्हणून हलणारे झुडूप दुर्बिणीतून न्याहाळू नका. दुर्बीण जिथे फिरते तिथे नळीही फिरते! शोधायला हातातली बॅटरी वापरा. जनावर पूर्ण दिसले, मागे मातीचा बांध किंवा दरड आहे याची खात्री झाली, की मगच बंदूक खांद्याला लावा. जरा शंका आली तर बार टाकू नका.

पोलीस पाटील, सरपंच आणि ग्रामसेवकांनीही लक्ष घालावे. कोण, कुठल्या रात्री, कुठल्या शेतात बंदूक घेऊन बसणार याची नोंद ठेवा, आणि त्या दिवशी संध्याकाळीच वाडीवर कळवा. यासाठी पैसा लागत नाही. भात गेले तर पुढल्या पावसात पुन्हा लावता येते, गेलेला माणूस परत येत नाही.