कैदी सुटल्यानंतरचा हल्ला

हबश म्हटले की आपल्याला नजाशी आणि पहिली हिजरत आठवते. याच मुलुखावर १८६८ मध्ये चालून गेलेल्या इंग्रज फौजेचे नेतृत्व मुंबई फौजेचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर करत होते. त्यातले बहुतेक सैनिक हिंदुस्थानी होते.

भांडण सुरू झाले एका पत्रावरून. सम्राट तेवोद्रोसने १८६२ मध्ये राणी व्हिक्टोरियाला दोस्तीचे पत्र लिहिले. लंडनच्या दफ्तरात ते तसेच पडून राहिले. चिडलेल्या सम्राटाने इंग्रज वकील कॅमेरॉन आणि इतर युरोपियनांना कैदेत टाकले. पत्राचे उत्तर द्यायला किती खर्च आला असता? आता तेरा हजार सैनिक, त्यांच्या दुप्पट हमाल-नोकर आणि ४४ हत्ती समुद्रापार निघाले. हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार तर हिंदुस्थानच्याच तिजोरीतून गेला.

१० एप्रिलला अरोगेच्या मैदानात सुमारे ७०० हबशी मारले गेले. तेवोद्रोस नमला, त्याने कैदी सोडून दिले. मोहीम ज्यासाठी होती ते काम झाले होते. तरी १३ एप्रिलला मगदला किल्ल्यावर हल्ला झालाच. सम्राटाने स्वतःवर गोळी झाडली. लुटीचा माल वाहायला १५ हत्ती आणि जवळजवळ २०० खेचरे लागली.

त्याचा सात वर्षांचा मुलगा आलेमायेहू इंग्लंडला नेला गेला. आई वाटेतच वारली. अठराव्या वर्षी तोही गेला. विंडसरला पुरलेले त्याचे अवशेष परत द्या, ही वंशजांची विनंती राजवाड्याने २०२३ मध्ये नाकारली.